अकरा मिनिटांची बॅटरी

सोमवार, सकाळी ८
गच्चीवर सौर पॅनेल बसले. वीज रोज अकरा ते चार जाते. शनिवारपर्यंत आईला शाळेचे बत्तीस गणवेश शिवून द्यायचे आहेत आणि डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांना पायडल वर्ज्य केले आहे. म्हणून शिवणयंत्राला मोटर बसवून घेतली व पायडल मीच काढायला लावले. परतीची वाट ठेवणे हे दुबळ्या मनाचे लक्षण होय. चार्जिंगची कार्यक्षमता मी गणिताने सिद्ध केली आहे : ऐंशी टक्के. अर्थात मोटर पाच तास चालेल. वायरमनला आकृती दाखवली. तो म्हणाला, ताई, आकृती झकास आहे, पण यात ऊन कुठे काढलंय? दहावी नापास माणसाकडून याहून अधिक अपेक्षा नव्हती.
संकल्प : दर तासाला व्होल्टेजची नोंद.

मंगळवार
समोरच्या गच्चीवरच्या मावशींनी विचारले, काय गं, दिवसभर त्या काचेत तोंड बघतेस का? उत्तर सुचले, परंतु जिना उतरल्यावर. पॅनेलशेजारच्या दोरीवर जुनी निळी चादर टाकून आडोसा केला. आता संशोधन निर्विघ्न.
मोटर : चाळीस मिनिटे. कारण : बॅटरी नवीन आहे, बुजली असावी.

बुधवार
वायरमन रस्त्यावरून ओरडून गेला, ताई, ती चादर तेवढी काढा. मी चादरीमागे असल्याने केवळ ‘हं’ म्हटले. एकांताचे मोल अशांना काय कळणार? मावशी आज खुर्ची घेऊनच बसल्या आणि हातवारे करू लागल्या. दुसरी चादर जोडली.
मोटर : पंचवीस मिनिटे. कारण : वायरमनने केलेली जोडणी.

गुरुवार
मोटर : अकरा मिनिटे. कारण : सूर्य. त्याच्याविषयी पाठ्यपुस्तकांनी फारच भाबडा समज करून दिला आहे.
आई एका हाताने चाक फिरवते, दुसऱ्याने कापड सरकवते. बारा गणवेश झाले. पायडल परत बसवता येईल का गं, असे तिने हळूच विचारले. घरातलाच अविश्वास अधिक लागतो.
संकल्प : उद्या दिवसभर वाचनालय.

शुक्रवार, सायं. ५
यश. तापमानाचा गुणांक मी चुकीचा धरला होता. वहीत दुरुस्ती केली आणि घरी आले, तो मोटर पाच तास चाललेली, अठ्ठावीस गणवेश तयार. दुरुस्ती दुपारी तीनची व मोटर अकरापासून चालू, हा तपशील गौण आहे.

शनिवार
बत्तीस गणवेश वेळेवर गेले. वायरमन आला होता. चादर काढली वाटतं, म्हणाला. आई म्हणाली, खिशांना आतून कापड कमी पडलं, म्हणून काल उजाडताच दोन्ही कापल्या. मी आत गेले.
नंतर गच्चीवर जावेच लागले. आडोसा नव्हता. मावशी म्हणाल्या, अगं, मंगळवारपासून सांगायचं होतं, तुझ्या चादरीची सावली अर्ध्या काचेवर पडते; पण हात केला की तू आणखीच आत शिरायचीस. मी ‘हं’ म्हटले.
मोटर : पाच तास दहा मिनिटे. कारण : रकाना लहान आहे.