चौकटीतली बेटं

२२ डिसेंबर, रविवार. निपाणी

मोजे सापडत नाहीत! पद्मावती म्हणते, "बेटावर मोजं कशाला? वाळूत घालून फिरणार हाय का?" खरंच की.

परवा निघायचं. अंदमान! अरिहंतनं सगळं ठरवून टाकलं. बेळगावहून बंगळूर, तिथनं थेट पोर्ट ब्लेअर. तो, सून ऋतिका, नात निशा आणि आम्ही दोघं म्हातारी. निशाचा फोन आला होता, "आजोबा, बेट म्हणजे काय ते आता उभं राहून बघा." तिला मीच कधीतरी शिकवलेली व्याख्या—चहूबाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा. चौथीत खोत गुरुजींनी घोकून घेतलेली. गुरुजींनी स्वतः समुद्र बघितला नव्हता. समुद्राची कविता शिकवताना धोतराचा सोगा दोन्ही हातांत धरून हलवायचे—ही लाट! आम्ही आ वासून बघायचो. पुढं दुकानाच्या खरेदीला फिरताना गोव्याचा खरा समुद्र पाहिला, गणपतीपुळ्याचा पाहिला. तरी लाट म्हटलं की मला अजून धोतरच आठवतं. बेटावर मात्र कधी उभा राहिलो नाही. चारी बाजूंचं पाणी एकदम जाणवतं का? की एकीकडं तोंड केलं की तो नुसता किनाराच?

पद्मावती यायलाच तयार नव्हती. तिचं दिग्व्रत आहे. पाच-सहा वर्षांमागं स्तवनिधीच्या जैन तीर्थावर साध्वी माताजींसमोर घेतलेलं. अमुक हद्दीपलीकडं जन्मात जायचं नाही, म्हणजे पलीकडच्या सगळ्या जिवांना आपल्याकडून अभय. हद्दी तिनं स्वतः घातल्या. पूर्वेला झारखंडातलं शिखरजी, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर, दक्षिणेला कन्याकुमारी. अरिहंत हसला होता, "आई, सगळा देश आत घेतलास की!" ही म्हणाली, "मावत असंल तर येत्ये. न्हाय तर तुम्ही जावा."

मग मी माळ्यावरून अरिहंतचा शाळेतला नकाशा काढला. पट्टी लावली. शिखरजीपासून सरळ खाली. बेटं ओडिशाच्या खाली समुद्रात, काळ्या रेघेच्या चौकटीत—देवघरातल्या फोटोसारखी. पट्टीच्या अलीकडं! "बसतं," म्हटलं. तिनं पट्टी पुन्हा एकदा लावायला लावली. चष्मा पुसून स्वतः बघितलं. मग कपाटातून चांगली लुगडी काढली.

मोजे सापडले. दशम्यांच्या डब्याखाली.

२४ डिसेंबर. बंगळूर

विमानातून ढग खालून नव्हे, वरून बघितले. पिंजलेला कापूस. निशाला म्हटलं, ह्यावर दोन ओळी सुचतायत. मागच्या रांगेतून पद्मावती—"विमान खाली उतरू द्या, मग म्हणा."

२५ डिसेंबर. पोर्ट ब्लेअर

फजिती! 

दुपारी उतरलो. हॉटेलात सामान टाकलं, ऋतिकानं पाणी उकळून गाळून ठेवलं. म्हटलं, चार तर वाजलेत, जरा धक्क्यावर फिरून येऊ, सहाच्या आत जेवू. निपाणीत ह्या दिवसांत सहाला उजेड असतोच की. धक्क्यावर बोटी, माडांची रांग, पलीकडं हिरवंगार छोटं बेट. मी बघत राहिलो. आणि बघता बघता सूर्य बुडाला! पाच वाजून गेले होते-नव्हते. पद्मावती नुसती माझ्याकडं बघत होती. दिवस मावळल्यावर आम्ही दोघं तोंडात काही घालत नाही. म्हणजे संपलं जेवण.

"जेवायच्या वेळंला कविता," ती म्हणाली. "सूर्य काय तुमच्यासाठी थांबतोय व्हय?"

"अगं पण पाचला कसा बुडतो तो?"

"त्याला इचारा."

पोरांनी खाल्लं. आम्ही उपाशी झोपलो. पोट रिकामं, पण डोकं भरलेलं. हाच सूर्य, हेच घड्याळ, मग इतक्या लवकर का? सकाळी निशाला विचारायचं.

२६ डिसेंबर. हॅवलॉक

आता नाव स्वराज द्वीप आहे, पण बोटवालेही हॅवलॉकच म्हणतात. मोठ्या बोटीनं आलो. पाण्याचे रंग मोजता येत नाहीत—शाईच्या दौतीतला निळा, मग मोरपिशी, किनाऱ्याजवळ तर कच्च्या कैरीच्या सालीसारखा. पद्मावती कठड्याला धरून उभी. डोक्यावरचा पदर उडाला तरी तिला पत्ता नाही!

बोटीतच निशाला सूर्याचं विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, सोपं आहे. घड्याळ सगळ्या देशाला एकच. आपण इतके पूर्वेला आलोय, सूर्य इथं लवकर उगवतो, लवकर मावळतो."

"इतके म्हणजे किती?"

तिनं मोबाईलवर नकाशा काढून दोन बोटांनी मोठा केला. मी कलकत्ता शोधलं. आम्ही कलकत्त्याच्याही पलीकडं. शिखरजी तर कितीतरी मागं, डावीकडं राहिलं.

"पण चौकट?" मी म्हटलं. "शाळेच्या नकाशात काळी चौकट असते की."

"ती पानावर जागा पुरत नाही म्हणून! बेटं उचलून तिथं ठेवतात. मॅडमनी सांगितलंय."

मी मोबाईल परत दिला. कठड्यापाशी पद्मावती हसत होती. फेस उडून तिच्या चष्म्यावर आला होता, आणि ती तो पुसतही नव्हती.

सांगितलं नाही.

२७ डिसेंबर

राधानगरचा किनारा. पद्मावती म्हणते, "आपल्या राधानगरीची भन दिसत्ये." वाळू पिठासारखी. झाडं इतकी उंच की मान दुखते, आणि ती थेट वाळूपर्यंत चालत आलेली. मी दोन ओळी म्हटल्या—

निळ्या पाटीवर पांढरी रेघ,
कोण ओढतो, कोण पुसतो?

"पुरं करा," ती म्हणाली. "लोकं बघायलेत."

ओल्या वाळूत शंख चालत होते! वाकून बघितलं तर आत खेकडा. निशा म्हणाली, हे खेकडे रिकामा शंख शोधून त्यात राहतात, वाढले की दुसरा शंख बघतात. पद्मावती पाठशाळेत शिकलेली. शंखातला जीव दोन इंद्रियांचा, खेकड्याला इंद्रियं जास्ती, हे तिला पाठ. तिला कोडंच पडलं. "मग पयला शंखवाला गेला कुठं? त्याचं घर ह्यानं बळकावलं, का तो मेल्यावर घेटलं?" निशा म्हणाली, "मेल्यावर, आज्जी." तेव्हा कुठं तिच्या जिवाला बरं वाटलं. मग सकाळभर ती त्या खेकड्यांच्या मागं. वाट सोडून उभी राहायची, त्यांना जाऊ द्यायची. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. लग्न झाल्यापासून मी तिला असं बघितलेलं नाही. दुकान, पोरं, देऊळ, माझ्या आईचं दुखणं—तिला असं बघायला वेळच कुठं होता?

आज चारलाच जेवलो. सूर्याच्या आधी.

तिला सांगितलं तर हे सगळं इथंच थांबेल. नाही सांगितलं तर? तिला ठाऊकच नाही, तर मोडलं कुणी? तिनं की मी? मला ठाऊक आहे, एवढं मात्र खरं.

२८ डिसेंबर

आज कविता सुचली नाही. पद्मावती म्हणाली, "आज गप्प का? जिभंला पाणी लागलं काय खारं?" तिला संशय आला असेल काय?

२९ डिसेंबर

हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही!

दिवस मावळून अंधार झाला, तसा अरिहंत सगळ्यांना किनाऱ्याच्या आडोशाला घेऊन गेला. चंद्र नव्हता. तो म्हणाला, "आप्पा, पाण्यात हात घाला." घातला—आणि बोटांभोवती निळसर ठिणग्या! हात हलवला की ठिणग्या, थांबवला की काळोख. हे काय आहे? दिवा नाही, आग नाही, पाणी गार. निशानं सांगितलं, डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव आहेत, हजारो. मी लहान पोरासारखा हात फिरवत होतो. वर चांदण्या, खाली चांदण्या, मधे मी! एक ओळ तोंडात आली होती.

पद्मावतीनंही पाय घातला होता. तिनं विचारलं, "हलवलं की का गं चमकत्यात?"

"धक्का लागला की चमकतात, आज्जी. म्हणजे कुणीतरी खायला आलं असं वाटून."

तिनं पाय बाहेर काढला. "म्हणजे भ्यालीत ती."

"आई, इतकं काही नसतं," अरिहंत म्हणाला.

"आपण बघून खूश आणि ती भ्यालेली," ती म्हणाली. वाळूवर जाऊन बसली आणि लांबूनच बघत राहिली. लाट फुटली की आपोआप उजळायचं तेवढं. "ह्ये बरं हाय. आपलं न्हाय काय त्यात."

मीही हात काढला. ओळ विसरलो. तिच्याशेजारी बसलो आणि सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "निपाणीत कुणाला सांगितलं तर खरं वाटंल काय हो?" मी म्हटलं, नाही वाटणार. तेवढंच बोललो.

३० डिसेंबर. नील बेट

सांगितलं.

दुपारी ओहोटी होती. पाणी कुठंच्या कुठं मागं गेलं आणि आतला खडक उघडा पडला. डबक्यांत जांभळी, पिवळी प्रवाळं, निळ्या ओठांची शिंपली, झाडूसारखे काटे असलेले काळे गोळे. मी प्रवाळ म्हणजे आजवर दगड समजत होतो! अंगठीतलं पोवळं. ते तर जिवंत, जिवांवर जीव बसून वाढलेलं. वाटाड्या सगळ्यांना हाताला धरून आत नेत होता. पद्मावती काठावरच बसली. "पाय कुठं ठेवायचा? सगळं जितं हाय." मी तिच्याजवळ थांबलो. अरिहंत, ऋतिका, निशा आत गेले.

ती म्हणाली, "एक सांगू? आले नसते तर जलमभर ठाव लागलं नसतं की पाण्याच्या आत असा गाव वसलाय. तुम्ही पट्टी लावून बघितलंत म्हणून आले. माताजींना सांगणार हाय, नियमात राहून एवढं बघितलं म्हणून."

मग मला राहवेना. म्हटलं, "अगं, माझं चुकलंय. ती चौकट खोटी होती. बेटं तिथं नाहीतच. आपण शिखरजीच्या पलीकडं आहोत." 

ती डबक्याकडं बघत होती. समोर पोरं खिदळत होती, निशा कुणाला तरी हाका मारत होती. मग तिनं विचारलं, "कदीपास्नं म्हाईत हाय तुम्हाला?"

"बोटीत कळलं. हॅवलॉकला येताना."

"म्हणजे खेकडं बघितलं तवा ठाव हुतं."

"होय."

"आणि काल रात्री?"

"होय."

ती उठली. लुगड्याची वाळू झटकली, सावकाश, कुठला जीव चिकटला असेल तर खाली उतरावा अशी. "हद्दीत परत जाईस्तोवर मला अन्न न्हाय," म्हणाली आणि झाडाच्या सावलीला जाऊन डोळे मिटून बसली. णमोकार मंत्र चालू होता, ओठ हलत होते.

अरिहंत चिडला. "आई, चुकून झालंय. कुणी मुद्दाम केलंय काय?"

डोळे न उघडता म्हणाली, "चुकून झालं म्हणून झालं न्हाय व्हय रं?"

मीही जेवलो नाही. तिनं बघितलं.

३१ डिसेंबर. बंगळूरला जाताना, विमानात

सकाळपासून ती एक शब्द माझ्याशी बोललेली नाही. निशा खिडकीशी मोबाईल धरून बसली आहे, नकाशावरचा निळा ठिपका बघत. खाली पाणीच पाणी, त्यावर शिखरजीची रेघ कुठं काढणार? पद्मावतीनं पुन्हा पुन्हा विचारलं, "आलं का गं?" निशा—"अजून नाही, आज्जी." शेवटी, "आत्ता! आत्ता आलं!" आमच्या दोघांच्या मधे डबा होता. तिनं उघडला, दशमीचा तुकडा मोडला, हात जोडले, तोंडात घातला.

दुसरा तुकडा तिनं माझ्यापुढं धरला. मी घेतला.

खाली समुद्राला काही कळलं असेल काय, हद्द कुठं गेली ते?

३ जानेवारी. निपाणी

सगळे विचारतात, काय बघितलं? मी सांगत सुटतो—ठिणग्या, खेकडे, प्रवाळ. भावकू शिंपी तर काम टाकून ऐकत होता. पद्मावती आत गहू निवडत होती. सांगता सांगता एक ओळ सुचली, मी म्हणायला लागलो, पण आतून "पुरं करा" आलं नाही. मीच मधे थांबलो.

५ जानेवारी, रविवार

स्तवनिधीला जाऊन आलो. पद्मावतीनं माताजींना सगळं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, "माझ्याकडनं झालं" म्हणाली. मी पुढं होऊन पट्टीचं सांगितलं. माताजींनी दोघांकडं बघितलं आणि तिला म्हणाल्या, "बाई, वर्षभरासाठी सगळ्यात आवडीचं एक सोड." मला वाटलं साखर म्हणेल. किंवा आंबा. तिनं हात जोडले. मग माझ्याकडं न बघता म्हणाली,

"ह्यांच्या कविता."