डोंग्याला क्लच

९ जानेवारी १९८४, सोमवार

"सगळ्या गाड्या धक्क्यानं चालू होते. डोंगा काऊन नाई झाला वो, इंदूताई?"

रुखमावहिनीने आज विहिरीवर विचारलं. रागाने नाही. घागर घासता घासता नुसतं विचारलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं नाही, आत्ताही येत नाही. घरातली पहिली पदवीधर, बी.एस्सी., विषय पदार्थविज्ञान! – आणि तोंडातून निघालं काय, तर "माहीत नाही".

लिहून काढते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

२४ डिसेंबर, पहाट. वहिनीला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली मूल आडवं आहे, दवाखान्यात न्या. वहिनीचा नवरा सुकलूभाऊ, आमचा शेजारी, धावत आला. बाबांनी डोंगा बाहेर काढायला घेतला. डोंगा म्हणजे आमची गाडी – जुनी अमेरिकन, नदीतल्या डोंग्यासारखी लांबलचक, म्हणून ते नाव. बाबा पूर्वी जंगलच्या ठेकेदाराकडे ट्रकवर होते. डेपोत सागाचं लाकूड घसरलं आणि डावा पाय चिरडला. तेव्हा ठेकेदाराने भरपाई म्हणून आपली ही जुनी गाडी त्यांना देऊन टाकली. हिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, डावा पाय लागतच नाही. बारा वर्षं बाबा एका पायावर गावाची ने-आण करतात – लग्नं, आजारी माणसं, मार्कंड्याची जत्रा.

त्या पहाटे थंडीने बॅटरी बसली. स्टार्टर नुसता कण्हला. मीच ओरडले – "धक्का मारा!" वीस माणसं भिडली. नाल्यापर्यंत दीड मैल ढकलत नेली. आत वहिनी, तिच्या उशाशी मी. चालू झाली नाही. मग माणसं परत गावात पळाली, बैलगाडी जुंपून आणली. उरलेले साडेपाच मैल जंगलातून पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात गेलो. वहिनी वाचली. मुलगी नाही वाचली.

नर्सबाई म्हणाल्या, "दीड तास आधी आणायचं होतं."

दीड तास. तेवढाच तर धक्क्यात गेला.

१० जानेवारी

नथ्थूला उत्तर माहीत आहे! पानठेल्यावर सगळ्यांना सांगत होता – "आतमंदी बाई वरडली नं, म्हनून नाई झाली चालू. मशीनले बाईचा आवाज सोसत नाई."

मी म्हटलं, "मागच्या बाजारात तुझी सायकल पंक्चर झाली, तेव्हा कोण ओरडलं होतं, नथ्थूभाऊ?"

लोक हसले. पण तेही उत्तर नव्हतं.

१४ जानेवारी

उत्तर मिळालं. मिळालं नसतं तर बरं, असं लिहायला हात शिवशिवतो – पण नाही. मिळालं तेच बरं.

सायकलने पोंभुर्ण्याला लच्छू मिस्त्रीकडे गेले. तो चिंचेखाली एका ट्रकच्या पोटात शिरला होता. बाहेर न येताच म्हणाला, "धक्क्यानं? हे गाडी? येडे झाले का तुमी?"

मग बाहेर आला, हात पुसले, दोन जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) वाट्या समोरासमोर धरल्या. "पाह्य बाई. इंजिनाची हे वाटी, चाकाची हे वाटी. मधात तेल. इंजिन जोरात फिरलं तं तेल फेकते, मंग दुसरी वाटी फिरते. तुमी मागून ढकलसान तं चाक फिरंन, पन तुमचा धक्का तेलात मुरते. इंजिनापर्यंत जातच नाई."

"वीस माणसं होती!"

"दोनशे लावा नं."

तिथेच कागदावर आकृती काढून पाहिली. इतकं साधं! द्रवांचं प्रकरण मी घोकून घोकून पाठ केलं होतं. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क! डोंग्यात बारा वर्षं बसले आणि कधी विचारलं नाही की याच्या पोटात काय आहे.

निघताना लच्छू सहज म्हणाला, "एवढ्या दूर काऊन आली? तुह्या बाबालेच इचारलं असतं. त्याले मालूम हाये की. गाडी आली त्याच साली मी सांगतलं होतं – देवाजीभाऊ, बॅटरी सांभाळजो, हे धक्क्याची गाडी नोहे."

परत सात मैल सायकल कशी मारली, आठवत नाही.

१५ जानेवारी

विचारलं नाही. जेवलेही नाही.

१७ जानेवारी

विचारलं. बाबा डोंग्याची काच पुसत होते.

"मालूम होतं," म्हणाले. लगेच म्हणाले. जणू तीन आठवडे ते शब्द तोंडातच धरून बसले होते.

"मग सांगितलं का नाही?"

"वीस मानसं धावून आले होते, इंदू. तू वरडून राह्यली होती, मारा धक्का, मारा धक्का. मी स्टेरिंगवर. कोन्या तोंडानं सांगू का हे तुमच्या हातानं चालू होत नाई? वाटलं, एखांद्या वेळेस होईन." फडकं झटकून – "न् सांगतलं असतं तं लोक म्हनले असते, हे कायची गाडी. मंग मले कोन बोलावंन?"

ते काच पुसत राहिले. तीच एक काच.

मी बाबांना कधी भित्रं समजले नव्हते. आज समजले. आणि ओरडले मी होते, हेही समजलं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्या आहेत, कुणाची चूक कमी नाही.

१८ जानेवारी

सकाळीच सांगून टाकलं. "डोंग्याला क्लच बसवायचा. हाताने टाकायचा गिअर. धक्क्याने चालू होईल असा."

"मंग मी कसा चालवीन?"

"मी चालवीन."

हसले. मग हसायचे थांबले. "हे गाडी नोहे, इंदू. माहा पाय हाये."

मला ठाऊक आहे! मला काय ठाऊक नाही? पण पहाटेच्या थंडीत पुन्हा कुणी बाई त्या मागच्या सीटवर झोपेल, आणि पुन्हा वीस माणसं तेलात धक्का घालतील! मी म्हटलं, "लच्छूकडे तुम्ही स्वतः नेऊन द्या. नाहीतर तुम्हाला माहीत होतं, हे मी सुकलूभाऊला सांगते."

बापाला धमकी दिली.

मग म्हणाले, "देली तं नाई सांगशीन?"

"नाही सांगणार."

शब्द दिला. लाज वाटत नाही. – वाटते. पण गाडी जाणार.

२३ जानेवारी

बाबांनी डोंगा नेला. गावाबाहेर पडेपर्यंत प्रत्येक घरासमोर हॉर्न वाजवला. लोकांना वाटलं कुणाची सोयरीक जुळली. मी बाजूला बसले होते. चिंचेखाली गाडी थांबवली, किल्ली लच्छूच्या हातात दिली – माझ्या नाही – आणि काठी टेकत एस.टी.च्या थांब्याकडे गेले.

लच्छू म्हणाला, "तुहा बाप रडत होता काय वो?"

"धूळ आहे," मी म्हटलं.

२९ जानेवारी

रोज जाते. लच्छूची मजुरी म्हणजे मी त्याच्या दोन्ही पोरींना गणित शिकवायचं. लिलावातल्या जीपचा गिअरबॉक्स त्याच्याकडे पडून होता. डोंग्याचा आपोआप गिअरचा जुना डबा उतरवला – केवढं धूड! चौघांना उचलेना. लाल तेल सगळ्या अंगणात. याच तेलात मुरला तो धक्का.

आता पंचाईत – इंजिनाच्या पाठीची भोकं आणि जीपच्या डब्याची भोकं जुळत नाहीत. मध्ये जाड लोखंडी पाटा बसवावा लागेल, दोन्हीकडची भोकं पाडून. लच्छूची रीत पाहण्यासारखी. इंजिनाच्या पाठीला काळं ग्रीस फासलं, त्यावर वर्तमानपत्र दाबलं, सोलून काढलं – प्रत्येक भोकाचा छाप! तो नुसत्या छापावरून कापणार होता. मी म्हटलं, थांब, नीट नकाशा काढते. माझा शाळेतला कंपास, घरच्या ट्रंकेतून काढून आणलेला. दोन दिवस खपले. चंद्रपूरला लेथवाल्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला, विचारलं, "कोणी काढला?" सांगितल्यावर विश्वास ठेवला नाही. ठेवू नकोस! पाटा काप म्हणजे झालं.

७ फेब्रुवारी

फजिती. पाटा बसला, डबा बसला, इंजिन चालू केलं – अख्खा डोंगा थडथडा कापायला लागला. आरसा गळून पडला. लच्छू पोट धरून हसला – "बाई, तुह्या कागदानं डोंग्याले हिवताप आनला!"

छाप सोलताना वर्तमानपत्र ग्रीसने भिजून ताणलं गेलं होतं. मी ताणलेल्या कागदावर मापं घेतली. मधलं केंद्र दोन मिलिमीटर सरकलं. लच्छूने नुसत्या छापावरून केलं असतं तर? त्याने कापण्याआधी कागद परत इंजिनावर धरून ताडला असता – तो नेहमी ताडतो. मलाच घाई.

चूक माझी, त्याची नाही. त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तसं म्हटलं. चूक सांगितली की कुणी मरत नाही.

हे वाक्य लिहिलं आणि बाबांच्या खाटेकडे पाहिलं. जागे होते.

८ फेब्रुवारी

माय आज भाकरी थापता थापता म्हणाली – "त्याचा एक पाय लाकडानं नेला. दुसरा तू नेऊन राह्यली." मी भाकरी खाल्ली.

१६ फेब्रुवारी

नवा पाटा बरोबर बसला! डोंगा आता कापत नाही. खाली पत्रा कापून गिअरचा दांडा वर आला आहे, त्याला जीपचीच मूठ. क्लच इतका जड की पहिल्या दिवशी मांडी भरून आली. शिकाऊ लायसन काढलं. लच्छूने शिकवलं – "दाब, टाक, हळू सोड. हळू! दुधावरची साय काढते तशी."

आज पहिल्यांदा गावात आणला. पोरं मागे, कुत्री पुढे. घरासमोर दुसरा गिअर टाकताना असा करकरला की नथ्थू पानठेल्यावरून ओरडला, "दात पाड त्याचे, दात!"

बाबा ओट्यावर बसले होते. महिना होत आला, गाडीचं नाव काढलेलं नाही. आज समोर आली तरी पाहत नव्हते. पण मी चौकातून तीनदा वळून आले तेव्हा दिसलं – मी गिअर बदलायच्या आधी त्यांचा डावा पाय, तो चिरडलेला, ओट्याच्या मातीवर दाबला जात होता. दर वेळी. माझ्या किंचित आधी.

संध्याकाळी जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "उशीर करून राह्यली. आवाज आयकत जा, पाय नोको पाहू." महिनाभरातलं पहिलं वाक्य!

२५ फेब्रुवारी, शनिवार

आज परीक्षा घेतली. माझी नाही, धक्क्याची. स्टार्टरची तार काढून खिशात – खिसा कुठला, पदराला – बांधली आणि चौकात म्हटलं, या, ढकला.

कुणी उठेना. नथ्थू म्हणाला, "मागच्या खेपेले दीड मैल ढकलली. खांदे अजून दुखते. आमाले बैल समजली का वो?" सुकलूभाऊ मान खाली घालून उभा. मी स्टिअरिंगवर एकटी. कान तापले. तरी उतरले नाही. म्हटलं, संध्याकाळपर्यंत बसेन इथे!

गाडी हलली. मागे वळून पाहिलं तर डिकीवर दोन हात – रुखमावहिनीचे. एकटी. मग तिची सासू. मग शेतावरून आलेली बुधरी, तिच्या हातात अजून विळा होता. मग – माय! माझी माय, पदर खोचून!

"मारा वो बायांनो!" बुधरी ओरडली. "मशीनले बाईचा आवाज सोसत नाई म्हनते!"

दुसऱ्या गिअरमध्ये ठेवला होता. वेग आला, क्लच सोडला. हिसका बसला – आणि भर्र! मागच्या बायांच्या हातातून डोंगा निसटला, माय धुळीत बसली आणि हसत सुटली. दहा पावलांत चालू! दहा! मी नाल्यापर्यंत नेला, तिथे एक मिनिट थांबले, मग वळवून आणला.

परत आले तेव्हा बाबा ओट्यावर उभे होते, काठीशिवाय.

वहिनी काचेशी आली. घामाने चिंब. म्हणाली, "पाह्यलं नं? दोस गाडीचाच होता. मानसाचा कोनाचाच नाई. आता मले झोप लागंन." मग माझ्या गालावर हात फिरवून – "देवाजीभाऊले सांगजो, जिवाले लावून घेऊ नोको म्हना."

मी हो म्हटलं.

२६ फेब्रुवारी

तो 'हो' म्हणायला नको होता. तिने सगळ्यांत आधी हात लावला. मी तिला खोटं झोपवलं.

बाबांनी शब्द पाळला, गाडी दिली. माझा शब्द कशाच्या बदल्यात होता? तिच्या उत्तराच्या. तिचं उत्तर मी विकलं, आणि क्लच विकत घेतला.

२७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी विहिरीवर सांगितलं. बाबांना माहीत होतं. ओरडणारी मी होते. आणि सव्वा महिना मीही गप्प होते. तिने ऐकून घेतलं. घागर भरली. मी नेहमीप्रमाणे डोक्यावर चढवून द्यायला वाकले तर म्हणाली, "राहू दे." स्वतःच उचलली, अर्धी सांडली, गेली.

घरी येऊन बाबांसमोर उभी राहिले. म्हटलं, शब्द मोडला. आधी तिला सांगितलं, मग तुम्हाला. बाबांनी काठी घेतली आणि एकटेच सुकलूभाऊच्या घराकडे निघाले.