दोन नंबरच्या शेडचं पाणी

४ मार्च
आणि एपेलीमामा अजून म्हणतोय की चूक माझीच. बादली मी सांडलीच नव्हती, कोंबडीने सांडली. त्याने डोळ्यांनी पाहिलं. तरी अख्ख्या बसमध्ये सांगत सुटला, आमच्या लेपानीच्या हाताला भोकं आहेत. सख्खा मामा! याच्याच शब्दावर फिजी सोडून इथे क्वीन्सलंडला कोंबडखत उपसायला आलो. आजपासून अबोला.
रात्री अबोला मोडला. उकडलेला कसावा त्याच्याकडे होता.

५ मार्च
नशीब उघडलं! एक आणि दोन नंबरच्या शेडमध्ये हगवण शिरलीय, कोंबड्या मलूल. सुपरमार्केटला अँटिबायोटिकवाली अंडी नकोत. म्हणून मालकीण बार्बने युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टरीणबाई आणल्या. एक नंबरला पाण्यातून ओरेगॅनोचा अर्क, तोच पिझ्झावरचा. दोन नंबरला नुसतं पाणी. तीन आठवड्यांनी तपासणी. फरक दिसला तर सगळ्या शेडना अर्क, तो मोजायचं काम मला, कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं पुढे. नाही दिसला तर पुन्हा अँटिबायोटिक आणि मला एप्रिलचं विमान.
शिक्षण सहावी. पण पाला हा आमच्या घरचाच विषय. आजी गावाला पाला उकळून पाजायची. जे मेले ते उशिरा आलेले.

७ मार्च
वीस मिली. प्रयोगाचा अर्क सध्या मीच मोजतो, थेंब इकडचा तिकडे नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्हेरी गुड, लेपानी. मामाला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा म्हणाला, हो रे व्हेरी गुड, आता खत कोण उचलणार, तुझा बाप?

९ मार्च, पहाटे साडेपाच
एक नंबर टुणटुणीत होतेय. दोन नंबरवाल्या जाळीतून नुसत्या बघतात. एकाला औषध आणि शेजाऱ्याला नुसतं पाणी? आमच्या गावात एका घरी पाला उकळला की शेजारी किटली जातेच. नाही गेली तर आई महिनाभर चर्चमध्ये मान वर करणार नाही. गोऱ्यांना कोणी शिकवलं नाही, त्यांचा काय दोष.
निश्चय: मध्ये पडायचं नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र.

१० मार्च, रविवार
केर्न्सला चर्च. मागच्या आवारात कुऱ्याचं झाड, आजी उकळायची तोच पाला. इथे त्याला नोनी म्हणतात. पोतंभर पाला तोडला. सहजच. मामा म्हणाला, काय रे, प्रार्थनेला पोतं? म्हटलं, डोकं दुखतंय, लेप लावायचाय. म्हणाला, एवढा पाला? डोकं आहे की भोपळा?

११ मार्च
दोन नंबरला किटली पोचली. पाणी जरासं हिरवट दिसतं. वासही आहे. प्रयोगात ढवळाढवळ नाही. अर्क मी एक नंबरमध्येच टाकतोय, वीस मिली, बरोब्बर.

१९ मार्च
दोन नंबर दाण्यावर तुटून पडतेय! योजना: रिपोर्ट आला की बार्बला खरं सांगायचं. ती मिठी मारेल. मग बाटल्या, लेबलवर आजीचा फोटो. मामाला ड्रायव्हर ठेवीन. पगार बघू.

२६ मार्च
रिपोर्ट आला. दोन्ही शेड सारख्याच बऱ्या. मी छाती फुगवली. डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, म्हणजे अर्काचा काही उपयोग दिसत नाही, नुसत्या पाण्यावरही कोंबड्या बऱ्या होतात. बार्ब म्हणाली, एवढा खर्च करून मला पाणी शिकवलंत! बंद करा.
अर्क बिचारा उगाच बदनाम होत होता. राहवेना. सगळं सांगितलं. किटली, कुरा, आजी. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. विचारलं, किती पाला, किती पाण्यात? म्हटलं, आजी मुठीने टाकायची. त्यांनी वही मिटली. बार्बने तोंड उघडलं. ती काय बोलली ते लिहीत नाही.
बाहेर मामा म्हणाला, गाढवा, मला आधी विचारायचंस. तुझी आजी म्हणजे माझी आई. तिने जन्मात कोंबडीला पाला पाजला नाही. कोंबडी आजारी पडली की सरळ कापायची.

५ एप्रिल
मंगळवारी विमान. तोवर खत.
डॉक्टरीणबाई प्रयोग पहिल्यापासून करणार. नव्या कोंबड्या, दोन्ही शेडना कुलूप. किल्ली आणि अर्क मोजायचं काम एपेलीमामाकडे. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं पुढे. म्हणाला, वीस मिली म्हणजे झाकणाची कितवी रेघ रे? दाखवली. कोणी तरी शिकवायला हवंच ना.
आईला फोनवर सांगितलं, कंपनीने विश्रांतीला पाठवलंय. ती म्हणाली, बरं झालं बाळा, दमला असशील. आणि मग विचारलं, या वेळचे पैसे कधी येतील?
पाठवले. नव्वद डॉलर. त्यातले पन्नास मामाचे.