कबर क्रमांक २१४ आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा परांची बांधणे (इमारतीला बाहेरून पाइपांचा सांगाडा असतो तो), राहणार कामगार वसाहत, खोली क्रमांक बारा, खिडकीजवळची वरची खाट, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. मी प्यायलेलो नाही. कोणी मानगुटीवर बसून लिहून घेत नाही. माझे खरे नाव ओळखपत्रावर आहे, त्याची प्रत मागे टाचली आहे. साइटवर मला सगळे भिंगरी म्हणतात, कारण एका जागी माझे बूड टेकत नाही. सात वर्षांत नऊ साइट झाल्या.

सोमवारी मी एका कारखान्याच्या चिमणीवर जातो आहे. काम सहा महिन्यांचे. सुपरवायझर म्हणाले, चिमणीवर चढणाऱ्याने वारस लिहून द्यायचा. त्यांच्या कागदावर चार ओळींची जागा होती. ती मला पुरली नाही, म्हणून हे वेगळे लिहिले.

कलम १. बँकेत जे असेल ते सगळे आईचे. त्यातून तिने आधी दात करून घ्यावेत. "तुझ्या लग्नाला ठेवलेत रे" हे कारण माझ्या पश्चात चालणार नाही.

कलम २. घराची मागची खोली माझ्या वाट्याची आहे, ती धाकट्या बहिणीला. तिचे शिलाई मशीन तिथेच राहील. थोरल्या दादाने तिथे सिमेंटची पोती ठेवू नयेत, एकही नाही, दोन दिवसांपुरतेसुद्धा नाही. दादा, तू मला न विचारता माझी सायकल विकलीस ते मी माफ केले. पण मागच्या महिन्यात फोनवर आईला मागून ओरडून सांगत होतास, "लोकांची पोरं परमुलखात जाऊन नाव काढतात, आमचं येडं मसणात झाडू मारतंय," ते मला ऐकू आले. ते माफ करायचे की नाही हे कलम ४ वाचून तूच ठरव.

कलम ३. माझा पाना आणि कमरेचा पट्टा खालच्या खाटेवरच्या वेल्डरला. तो घोरतो, पण माणूस चांगला आहे.

कलम ४. आता मुद्द्याचे. वसाहतीच्या मागे जुनी दफनभूमी आहे. ऐंशी वर्षांत तिथे कोणाला पुरलेले नाही. सुट्टीच्या दिवशी खोलीत पत्त्यांचा गोंगाट असतो म्हणून मी तिथे गवतात झोपायला जायचो. एकदा डोळ्यांवर लख्ख उजेड पडला. बघतो तर एक म्हातारी हातात आरसा धरून उभी.

"ऊठ रे बाबा," ती म्हणाली. "तू कोणाच्या तरी छातीवर झोपलायस."

त्या आमच्या बाई. जन्मभर जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढले, आता फुकट कबरी मोजतात. दगडावरची अक्षरे झिजलेली असली की त्या आरशाने ऊन तिरपे पाडतात. मग प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक सावली उभी राहते आणि नाव वर येते. मी चौथीतून पळालेला. पण सपाट दगडातून एक माणूस वर येताना बघितला आणि पुढच्या सुट्टीला आपणहून गेलो. गवत कापायचे, पडलेला दगड उभा करायचा, पाणी आणि मऊ ब्रशने धुवायचा, नाव वाचायचे, बाई नोंदवहीत लिहायच्या. माझ्याबरोबर साइटवरचे आणखी चौघे यायला लागले. माझे वाचन मेलेल्या माणसांनी पक्के केले आहे. जिवंत मास्तरांना ते जमले नव्हते.

कलम ५. (हे लिहायला दोन दिवस लागले.) मी जायला लागून महिनाही झाला नव्हता. भिंतीजवळचा एक दगड काळाठिक्कर होता. बाईंना खूश करावे म्हणून मी साइटवरून फरशीवरचे सिमेंट काढायचे अ‍ॅसिड आणि तारेचा ब्रश नेला. बाई यायच्या आधी दगड घासला. फेस आला, धूर आला, पाव तासात दगड दुधासारखा पांढरा. मी मोठ्या ऐटीत बाईंना बोलावले.

बाई दगडासमोर वाकल्या. आरसा सगळ्या बाजूंनी फिरवला. मग म्हणाल्या, "छान. आता हा कोण?"

एक अक्षर शिल्लक नव्हते. दगड मऊ होता, वरचा थरच निघाला. शिव्या दिल्या असत्या तर मी दुसऱ्याच दिवशी साइट बदलली असती. बाईंनी मला नोंदवही दिली. "यापुढे तू लिहायचंस," एवढेच म्हणाल्या.

कलम ६. बाईंच्या नकाशात तो दगड शेवटचा, क्रमांक २१४. बाकीच्या दोनशे तेरा कबरी लिहून झाल्या. दोनशे चौदावे पान चौदा महिने कोरे आहे. आता गावच्या कचेरीने कळवले आहे की एकतीस तारखेपर्यंत ज्यांची नोंद येईल त्यांना कुंपण होईल, बाकीची जागा सपाट करून तिथे ट्रक उभे राहतील. नाव नसले तरी नोंद चालते, पण "नाव न वाचण्याचे कारण" हा रकाना भरावा लागतो. आणि दगडाला इजा करणाऱ्याला आत यायला बंदी, असे दफनभूमीत काम करायच्या आमच्या परवान्यावर ठळक छापले आहे.

वेल्डर म्हणाला, "लिही की, ऊनपावसाने झिजलं. दगड काय उठून साक्ष देणारे?"

ते बाईंना सांगितले, तर म्हणाल्या, "खोट्यावर मी सही करणार नाही."

"मग खरं तुम्हीच लिहा ना," मी म्हणालो.

"मी लिहिलं तर ती तक्रार. तू लिहिलंस तर नोंद."

मला बंदी नको होती. आयुष्यात पहिल्यांदा एका जागी परत परत जावेसे वाटते आहे.

कलम ७. म्हणून मी जाहीर करतो की कबर क्रमांक २१४ वरचे नाव माझ्या हातून गेले. माझ्या मृत्यूनंतर हे कलम कचेरीत दाखवावे आणि ती कबर नोंदीत धरावी. मेलेल्याला कोण बंदी घालणार?

कलम ७ रद्द. साक्षीदार म्हणून वेल्डरला वाचायला दिले, तर तो कागदावरून वर बघून म्हणाला, "भिंगऱ्या, आज किती तारीख?"

"सोळा."

"आणि नोंद द्यायची एकतीसला. म्हणजे ती कबर वाचवायला तुला पंधरा दिवसांत मरावं लागेल. चिमणीवर लवकर उरकायला सांगू का सुपरवायझरला?"

मी त्याला उशी फेकून मारली. पण हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. सही बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दफनभूमीच्या पायरीवर बसून दोनशे चौदावे पान लिहिले. बाईंनी चष्मा पुसून वाचले, खाली सही केली, आणि आम्ही दोघे वही घेऊन कचेरीत गेलो.

कारकुनाने पाने भराभर उलटली आणि त्या पानावर थांबला.

"हे तू केलंस?"

"हो."

"आणि तूच लिहिलंस?"

"हो. साहेब, कबर राहील ना?"

"कबर राहील. तू नाही राहणार. सहा महिने आत पाऊल टाकायचं नाही, नियम आहे." मग शिक्का मारता मारता म्हणाला, "इथे सगळे जण सगळं ऊनपावसावर ढकलतात. त्या ऊनपावसाची मला दया यायला लागली होती."

बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "चिमणीचं काम किती महिने?"

"सहा."

"मग रडतोस कशाला? तोवर मी भिंतीपलीकडचं रान काढून घेते. तिकडेही दगड दिसतायत. आल्यावर लिहायला कोणीतरी लागेल."

मी रडत नव्हतो. पण वाद घातला नाही.

कलम ८. जी नोंद मंजूर झाली ती जशीच्या तशी इथे उतरवतो, म्हणजे ती वही हरवली तरी राहील: "कबर क्रमांक २१४. भिंतीपासून चार पावले. दगड उभा आहे. नाव होते. ते मी अ‍ॅसिडने धुतले. माणूस खालीच आहे."

मी चिमणीवरून धडधाकट खाली उतरायचा बेत केला आहे. तरी हे मृत्युपत्र अमलात आणायची कोणीही घाई करू नये.

लिहून देणार: सही (स्वतःच्या हाताची, अंगठा नाही)

साक्षीदार १: खालच्या खाटेवरचा वेल्डर. सर्व वाचले. कलम ३ मधले घोरण्याचे मान्य नाही.

साक्षीदार २: बाई, निवृत्त नकाशाकार. माझ्यासमोर सही केली. शुद्धलेखन तपासले, एका जागीही हात लावावा लागला नाही.

ठिकाण: खोली क्रमांक बारा. तारीख: अठरा, सुट्टीचा दिवस.