मनगटावरची झोप

आबा, आज गुरुवार, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. घड्याळ चार्जिंगला लावलं आणि हे लिहायला बसलो. हे घड्याळ नुसतं वेळ बघायचं नाही. सुदुंबऱ्याच्या ज्या गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवतो, तिथल्या ठेकेदारानं ते आम्हा चालकांना दिलंय. रात्री मनगटाला बांधून झोपायचं, आणि किती झोपलो ते सकाळी आमच्या आणि साहेबांच्याही मोबाइलवर दिसतं. सलग तीन रात्री सहा तासांच्या आत भरल्या तर गाडीची चावी काढून घेतात आणि खोकी वाहायला लावतात.

मला हे पहिल्यापासून पटलेलं नाही. मी डोळा लागला होता म्हणतो, ते जागा होतो म्हणतं. मग मी वहीत भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे वेळा लिहायला लागलो. दोन्हींचा मेळ एकदाही बसला नाही, आणि मेळ बसवायच्या काळजीनं उरलीसुरली झोपही गेली. काल साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन रात्री झाल्या तुझ्या. आंदर मावळात रात्रीची जनावरं राखायला जातोस काय रे?" सगळे हसले.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत, याचा मी विचार केला. लोणावळ्याच्या चिक्कीच्या कारखान्यात मालकानं पाकासाठी तापमापक आणला, तेव्हा तुम्ही तो खिळ्याला टांगून ठेवलात आणि पाण्यात थेंब टाकून गोळी होते का तेच बघत राहिलात. मालकाला म्हणालात, "बोटाला कळतंय त्येला काटा कशाला?" माझ्यात तेवढी हिंमत नाही. काल तिसरी रात्र होती. मी घड्याळ आईच्या हाताला बांधलं. आमच्या घरात झोप तिचीच. पडली की हूं नाही की चूं नाही.

पाच वाजता मोबाइल बघितला. दोन तास दहा मिनिटं. मला आनंदच झाला, यंत्राची लबाडी पकडली म्हणून. चुलीपाशी जाऊन तिला दाखवलं.

"बघ, हे धडधडीत खोटं बोलतंय. तू तर ढाराढूर झोपली होतीस."

ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "खोटं न्हाई बोलत ते."

"म्हणजे?"

"मी गप पडून असते. हालले तर तू जागा व्हतूस. तुला गाडी चालवायची असती."

"कवापासनं?"

"तुजे आबा गेल्यापासनं," ती म्हणाली, आणि वर हसून, "तुला आज कळलं व्हय, ते बी घड्याळानं?"

नऊ वर्षं झाली, आबा. रोज सकाळी मी विचारायचो आणि ती "लय झोपले" म्हणायची. मी यंत्रावर संशय घेतला, साहेबांवर घेतला. तिच्यावर कधी घेतला नाही.

आज चावी जाईल. मनगट कुणाचं होतं ते मी साहेबांना सांगणार नाही. हा कागदही वहीतच राहील, कारण तुम्हाला कुठं पाठवायचा ते मला ठाऊक नाही. एक गोष्ट मात्र आईला सांगायची राहिली. काल हाताला काही नव्हतं, म्हणून मी तिच्यापासून हातभर अंतरावर पहाटेपर्यंत गाढ झोपलो होतो.