बगळ्याची हनुवटी

गुरुवार, संध्याकाळ. नगर, १९४१

तिसरा खणही उपसला. चित्र नाही.

"कसला कागद शोधतोयस, दादा? माझी पत्रिका असेल तर नाना दुपारीच केडगावला देऊन आले," कुसुम म्हणाली.

म्हणजे तोच कागद.

काल बोलपटाआधी हलत्या व्यंगचित्रांची छोटी फिल्म दाखवली. पक्ष्यांच्या धडांवर विलायती नटांची तोंडं. कॅम्पातले गोरे शिपाई नावं ओरडून हसत होते. मला एकही ओळखता येईना. घरी येऊन कुसुमला ओळखीचं तोंड काढून दाखवलं. बगळा, आणि त्याला केडगावच्या अण्णासाहेबांची लांब हनुवटी. त्यांच्याच मुलाशी तिचं जमवायचं चाललंय. ती डोळे पुसेपर्यंत हसली. "फाडून टाक हं, दादा."

फाडलं नाही. काढताना हाताला लागला तो कागद उलटूनही पाहिला नव्हता. हनुवटी इतकी लांब कशाला काढली? मुलगा तिला आवडलाय. नानांना सांगू? आता सांगून काय उपयोग? पण ती हनुवटी.

शुक्रवार, सकाळ. अण्णासाहेबांचा गडी पत्रिका परत देऊन गेला. कोपऱ्यात "जुळते" असं लिहिलं आहे. मागच्या बगळ्याला कुणीतरी पेन्सिलीनं चष्मा काढला आहे. तो मी विसरलो होतो.