ओढ्याकाठच्या वीस पावलांबद्दल

नाही दादा, आधी पूर्ण वाच, मग ओरड. मृत्युपत्र आहे हे. यात मध्येच ‘पण’ म्हणायची सोय नाही.

मी, तुझी धाकटी बहीण, वय एकसष्ट, काम ओढ्यातले मासे मोजणं, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय (तू आणून बघितलंस, ते वेगळं) हे लिहिते. आधीचं मृत्युपत्र रद्द. त्यात तुला फक्त गाळ ठेवला होता.

१. दोन खोल्या आणि बँकेतलं जे असेल ते वहिनीला. बारा वर्षं माझे चिखलाचे बूट तिने पायरीवरून मुकाट उचलले. तू नुसता बोललास.

२. जाळं, थर्मामीटर, पाण्याच्या बाटल्या प्रयोगशाळेतल्या माझ्या जोडीदारणीला. कमरेपर्यंतचे बूट तुला. चावतील. चावू देत.

३. वाटणीत मला आलेला ओढ्याचा वरचा तुकडा, झाडांसकट, तुला. ~~अट : काठापासून वीस पावलं नांगर घालायचा नाही.~~

अट मीच खोडली आहे. शेजारी सही आहे, वकील म्हणाले तशी.

का, ते ऐक. माझ्या काठावर झाडं, खाली तुझा काठ पाण्यापर्यंत नांगरलेला. तुझी माती वाहून खड्यांच्या फटी बुजायच्या आणि इथले मूळचे मासे त्या फटींतच अंडी घालतात. माझ्याकडे पिल्लं दोनशेच्या वर, तुझ्याकडे दरवर्षी शून्य. भांडले तुझ्याशी, पण जवळ बसून समजावलं कधीच नाही. तुझा काठ उघडा राहिला तरच माझ्या अभ्यासातली दोन काठांची तुलना उभी राहत होती. ही चूक माझी. लेखी देते, फ्रेम कर.

यंदा तुझ्या हद्दीत अकरा पिल्लं सापडली. मी तीनदा मोजली. वर बघितलं तर काठाला गुडघाभर गवत. वहिनीला विचारलं, तर म्हणाली, “ते म्हणतात, ट्रॅक्टर वळत नाही तिथे.”

बारा वर्षं बरा वळत होता रे!

४. वह्या सगळ्या तुला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही काठांवर मोजायचं. शून्य आलं तर शून्यच लिहायचं. माझ्या काठाचं काय करायचं, ते वही बघून तूच ठरव.

साक्षीदार : पंप दुरुस्त करणारा (वाचून हसला), शाळेतल्या बाई (हसल्या नाहीत, शुद्धलेखन तपासलं).
सही : तुझी बहीण
ठिकाण : तुमच्याच ओट्यावर
दिनांक : आज, रविवार, महिन्यातला पहिला

कागद तांब्याखाली ठेवलाय. तू अंघोळीहून येतोयस, पायांचा आवाज येतोय. मी चालले ओढ्यावर. बूट सध्या माझेच आहेत.